पाचास एक

फेब्रुवारी सरत आला की आमच्या तांड्याभोवतीची शेतं एकदम मोकळी दिसू लागतात. तूर घरात आलेली असते, कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून बांधावर रचलेल्या असतात, हरभरा सोंगायला आलेला असतो. आर्णीच्या रस्त्यावरचा पळस तर दुपारी असा पेटतो की त्याच्याकडे बघताना डोळे बारीक करावे लागतात. आज सकाळी त्याच रस्त्याने दोन दुचाक्या गेल्या. मागे बसलेल्या मुलींनी पेपर लिहायचे पॅड छातीशी घट्ट धरले होते आणि एकीचे ओठ काहीतरी पुटपुटत होते. दहावीचा पहिला पेपर. मी शाळेच्या स्वयंपाकखोलीच्या दारात तांदूळ निवडत बसले होते. परीक्षा माझी नव्हती, तरी दुचाक्या दिसेनाशा होईपर्यंत मी बघत राहिले.

मी दहावी पास झाले तेव्हा तेहतीस वर्षांची होते. त्या एका परीक्षेचा हंगाम माझ्या अंगात असा मुरला आहे की पळस फुलला की मला आपोआप भूमितीची प्रमेयं आठवतात आणि कुठे खिचडीचा वास आला की गुणोत्तर आठवतं.

खरं तर दहावीला मी पहिल्यांदा बसले ती सोळाव्या वर्षी. बाकीचे विषय निघाले, गणित राहिलं. बाबा म्हणाले, "झालं तेवढं बस झालं." पुढच्या उन्हाळ्यात लग्न होऊन मी या तांड्यात आले. आमच्या लोकांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर माल लादून मुलूखभर फिरायचे, असं सासरे सांगायचे. कुठून काय किती न्यायचं, कुठे काय किती द्यायचं, सगळा हिशेब म्हणे तोंडी. मी मनात म्हणायचे, तो सगळा हिशेब रस्त्यातच कुठेतरी सांडून आला असेल, कारण माझ्यापर्यंत त्यातला दाणाही पोचला नव्हता. पुस्तकात दोन आकड्यांच्या मध्ये दोन टिंबं दिसली की मला ते दोन डोळे वाटत. आपल्याकडे रोखून बघणारे.

मग शाळेत पोषण आहार शिजवायचं काम मिळालं. सातवीपर्यंतची शाळा, साठेक मुलं, आणि चुलीशी आम्ही दोघी. माझ्यासोबतची पंचफुलाताई पलीकडच्या बौद्ध वस्तीतली, माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठी. तिची शाळा तिसरीतच सुटली होती. पण तिच्या हातची खिचडी खाल्ली की पाहुणे म्हणून आलेले गुरुजीसुद्धा ताट पुढे करायचे. तिला कधी काही मोजताना मी पाहिलं नाही. ती तांदळावर पाणी ओतायची, त्यात बोट बुडवायची आणि पाणी बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत आलं की म्हणायची, "झालं." मीठ मुठीने. हळद चिमटीने.

माझ्या कामाच्या चौथ्या वर्षी जुलैमध्ये माझी मुलगी पायल सहावीत गेली. शाळेने एक माहितीचा अर्ज भरून मागितला होता. तो तिने स्वतःच भरला आणि माझ्यासमोर सहीसाठी धरला. वाचता वाचता मी एका ओळीवर अडकले. आईचे शिक्षण, दहावी पास.

"हे कायले लिवलं?" मी विचारलं.

ती पेनाचं टोपण चावत खाली बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "नापास असं कसं लिवू?"

मी सही केली. खोट्यावर सही केली हे मला माहीत होतं. त्या दिवशी भाजी चिरताना मी दोनदा बोट कापून घेतलं. पंचफुलाताईने चिंधी बांधली, काय झालं ते माझ्याकडून काढून घेतलं आणि म्हणाली, "पोरीनं खोटं नाई लिवलं व. आगाऊ लिवलं. आता तू त्याले खरं कर."

"लोक हासतीन ताई."

"आमच्या वस्तीत शिकणाराले कोनी हासत नाई. तुमच्या तांड्यात हासत असन तं इकडे येऊन बस अभ्यासाले."

बाहेरून परीक्षेला बसायचा अर्ज भरला. अभ्यासक्रम बदललेला होता, त्यामुळे सगळेच विषय नव्याने द्यायचे होते. बाकीच्यांची मला भीती नव्हती. घरी यांनी अर्ज पाहिला आणि एवढंच विचारलं, "अन् गणिताचं काय करशीन?" चेष्टा नव्हती त्यात. त्यांना खरंच काळजी वाटली होती.

उत्तर मिळालं ते सप्टेंबरात, अर्धवट पावसाच्या एका दुपारी. स्वयंपाकखोली आणि सहावीचा वर्ग यांच्यामध्ये एकच भिंत, आणि तिच्यात एक झरोका. कविता मॅडम शिकवत होत्या. नव्या आलेल्या, वयाने माझ्याहून लहान. "आपल्या किचनच्या भिंतीवर तक्ता आहे ना?" त्या मुलांना विचारत होत्या. "लहान मुलाला शंभर ग्रॅम तांदूळ, वीस ग्रॅम डाळ. मोठ्या मुलाला दीडशे ग्रॅम तांदूळ, तीस ग्रॅम डाळ. आता सांगा, मोठ्या मुलाची खिचडी वेगळी लागते का?"

"नाई!" सगळा वर्ग ओरडला.

"का नाही लागत? त्याला डाळ तर जास्त मिळते."

मुलं एकमेकांकडे बघू लागली. भिंतीच्या अलीकडे मी हातातली पळी तशीच धरून उभी राहिले. तो तक्ता माझ्या डोळ्यांसमोर होता. चार वर्षं रोज होता. शंभर आणि वीस. दीडशे आणि तीस. मी वीस-वीस करत शंभर मोजले, पाच वेळा. तीस-तीस करत दीडशे मोजले. पाच वेळा. पुन्हा मोजले. तरी पाचच.

"पाच वाट्या तांदूळ, एक वाटी डाळ!" मी झरोक्यातून ओरडले. "दोघाईलेही तेवढंच! पाचास एक!"

वर्गात हशा पिकला. मॅडम बाहेर आल्या. मी शरमेने पदर तोंडावर घेतला होता. पण त्या हसत नव्हत्या. "शारदाताई, हेच गुणोत्तर," त्या म्हणाल्या. "किती आहे ते वेगळं, आणि कितीला किती आहे ते वेगळं. आकडे बदलले तरी हे दुसरं बदलत नाही, म्हणून चव बदलत नाही."

कितीला किती. सतरा वर्षं मला कोणी हे एवढ्या सोप्या शब्दांत सांगितलं नव्हतं. कदाचित सांगितलंही असेल आणि तेव्हा माझ्या हातात पळी नसेल. त्या दिवसापासून मला जिकडे तिकडे तेच दिसू लागलं. चहाच्या पातेल्यात दूध आणि पाणी. धिरड्याच्या पिठात तांदूळ आणि उडीद. यांच्या फवारणीच्या पंपात पाणी आणि औषध. मी सारखी विचारायची, याला ते किती? त्याला हे किती? पायल वैतागून म्हणायची, "आई, जेवू दे ना." मॅडम शाळा सुटल्यावर अर्धा तास मला शिकवू लागल्या. वर्गातल्या छोट्या बाकावर माझे गुडघे मावायचे नाहीत, म्हणून मी खाली सतरंजीवर बसायची.

पण समजणं आणि त्यावर भरवसा ठेवणं यात अंतर असतं. माझा भरवसा बसला तो जानेवारीत.

आमच्या शाळेत दरवर्षी आसपासच्या शाळांतल्या लहान मुलांचे खेळ होतात. आधीच्या वर्षी त्या दिवशी आमच्या खिचडीचा पार फज्जा उडाला होता. गावातून मोठा गंज, म्हणजे जेवणावळीचं पातेलं, मागवला होता. पंचफुलाताईने नेहमीसारखं बोट बुडवून पाणी ओतलं. खालचा तांदूळ करपला, वरचा कच्चाच राहिला. पोरांनी ताटं तशीच टाकली आणि उकिरड्यावर दिवसभर कावळे बसले. संध्याकाळी गंज घासताना ताईच्या डोळ्यांतलं पाणी त्या राखेत पडताना मी पाहिलं होतं.

म्हणून यंदा मुख्याध्यापकांनी आधीच सांगितलं, "दोनशे चाळीस मुलं आहेत. आर्णीहून आचारी बोलावतो. तुम्ही दोघी वाढायला राहा."

पंचफुलाताईने मान खाली घातली. मला काय झालं कोण जाणे, मी म्हणाले, "सर, आम्ही करतो. बिघडलं तं पुढच्या वर्षी आमाले विचारूही नका."

ते गेल्यावर ताई माझ्यावर उखडली. "कायले हो म्हनलं व तू? मांगच्या साली काहून बिघडलं तेच मले अजून समजलं नाई! बोट तं माह्यं तेच होतं."

"तेच तं चुकलं ताई," मी म्हणाले. "बोट तेच राह्यलं. तांदूळ चौपट झाला, गंज मोठा झाला, अन् पाणी वरतून पेरभरच राह्यलं. तांदूळ वाढला तेवढं पाणी वाढलंच नाई."

ती स्वतःच्या बोटाकडे बघत राहिली.

"मंग आता कशानं मोजाचं?"

"मोजू. काट्यानं तांदूळ मोजू, अन् मंग..."

पण खेळांच्या दिवशी सकाळी काटाच चालू होईना. बटण दाबलं की आकडे लुकलुकायचे आणि विझायचे. सेल बदलून पाहिले, उन्हात ठेवून पाहिला, ताईने दोन चापट्याही मारल्या. मैदानात चुन्याच्या रेघा मारून झाल्या होत्या. जीपमधून पहिल्या शाळेची मुलं उतरत होती. मुख्याध्यापक दारात येऊन आमच्याकडे नुसते बघून गेले. मोठ्या तोंडाने घेतलेली जबाबदारी आता साठ नव्हे, दोनशे चाळीस ताटांवर उतरणार होती.

ताई म्हणाली, "शारदा, आता काटा नाई तं काय करशीन?"

मी डोळे मिटले. दोनशे चाळीस लहान मुलं, प्रत्येकी शंभर ग्रॅम, म्हणजे चोवीस किलो. समोर पन्नास किलोचं न फोडलेलं पोतं होतं. त्यातलं निम्मं, त्याहून जरासं कमी. ते आम्ही सतरंजीवर ओतलं. पाणी भरायची एक लहान बादली होती, तिने तांदूळ मोजला. बरोबर पाच बादल्या भरल्या. त्या बादलीत किती किलो मावतात हे मला ठाऊक नव्हतं, आणि एकदम लक्षात आलं की ठाऊक असायची गरजच नाही. तांदूळ ज्या बादलीने, डाळ त्याच बादलीने, पाणीही त्याच बादलीने. मग बादली कोणतीही असो. पाच बादल्या तांदूळ, एक बादली डाळ. दोन्ही मिळून सहा. आमच्या खिचडीला दाण्याच्या तिप्पट पाणी लागतं, हे मी दिवाळीनंतर घरी वाटीने चार वेळा करून पाहिलं होतं. अठरा बादल्या.

"अन् गंज दोन आहेत," ताई म्हणाली.

"मंग एकेकात अडीच बादल्या तांदूळ, अर्धी बादली डाळ, नऊ बादल्या पाणी."

"अन् मीठ?"

इथे मी अडले. मिठाला बादली कुठून आणणार? साठ मुलांना ताईची एक मूठ पडायची, म्हणजे दोनशे चाळीसला चार. मी मिठाच्या पिशवीत हात घातला, तर तिने माझं मनगट धरलं.

"तुही मूठ नाई चालनार. माह्या मुठीचा हिशोब माह्याच मुठीनं होईन."

मी चकित होऊन तिच्याकडे पाहिलं. मॅडमनी मला हेच शिकवलं होतं, दोन्हीकडे माप एकच पाहिजे, नाहीतर तुलनाच होत नाही. मला ते समजायला दोन दिवस लागले होते. ताईने एका वाक्यात मांडलं. एका गंजात तिने दोन मुठी टाकल्या, दुसऱ्यात दोन.

आधण आलं. चुलीत पऱ्हाट्या तडतडत होत्या, धुराने डोळे चुरचुरत होते, आणि बाहेर पोट्टे धावत होते, शिट्टी वाजत होती. पंचविसेक मिनिटांनी ताईने झाकण सरकवलं, पळीने तळातून दाणा काढला आणि दोन बोटांत दाबला. मग वरचा दाणा काढून दाबला. दुसऱ्या गंजाचेही दाबले. मी तिच्या तोंडाकडे बघत होते.

"सारखे," ती म्हणाली. मग पुन्हा, जरा मोठ्याने, "अवं, खालचा न् वरचा, इकडचा न् तिकडचा, सारे सारखे!"

पिवळीधमक, मऊ, वाफाळती खिचडी. पोरांनी दुसऱ्यांदा घेतली, काहींनी तिसऱ्यांदा. कावळ्यांना त्या दिवशी काही मिळालं नाही. मुख्याध्यापक ताट घेऊन आमच्याच दारात येऊन बसले, जेवले आणि उठताना म्हणाले, "पुढच्या वर्षीचंही तुम्हीच बघा." पंचफुलाताईने पदराने तोंड पुसलं आणि इतक्या जोरात हसली की रांगेतली पोरंही कारण न कळता हसू लागली.

त्यानंतर गणित माझ्याशी नीट बोलू लागलं. सगळंच सोपं झालं असं नाही. समरूप त्रिकोणांपाशी मी पुन्हा अडले. बाजू दुप्पट केली तर क्षेत्रफळ चौपट होतं, हे मनाला पटेच ना. दुपटीचं दुप्पटच व्हायला पाहिजे, असं वाटायचं. एका रविवारी मी ताईच्या घरी ज्वारीचं पीठ मळलं आणि म्हटलं, "ताई, एक वीतभर भाकर थाप. मंग तेवढीच जाड, पन दोन वीत रुंद थाप."

"दोन वीत? तवा कुठून आनू?"

"भाजाची नाई. नुसती परातीत थाप."

तिने थापायला घेतली. पहिलीला एक गोळा लागला. दुसरीला तिने दोन गोळे घेतले, थापत गेली, पण ती काही दोन वीत होईना. तिसरा घेतला. शेवटी चौथा घेतला तेव्हा कुठे परात भरली. आम्ही दोघी पिठाच्या हातांनी त्या अवाढव्य भाकरीकडे बघत राहिलो. रुंदी दुप्पट, पीठ चौपट. पुढे तिचे चार तुकडे करून भाजले आणि झुणक्याबरोबर खाल्ले. प्रमेय पोटात गेलं ते कायमचं.

मार्च आला. केंद्रावर गणिताच्या पेपरला मी जांभळी साडी नेसून गेले. दारातल्या पर्यवेक्षकांनी हात आडवा केला. "पालकांनी बाहेर थांबा, बाई."

मी पिशवीतून प्रवेशपत्र काढलं आणि त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी फोटो पाहिला, मला पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. मागे पोरींची कुजबुज सुरू झाली होती. सहा महिन्यांपूर्वी मी त्या कुजबुजीने परत फिरले असते. त्या दिवशी मी ताठ उभी राहिले.

"परीक्षा माहीच आहे, सर," मी म्हणाले.

त्यांनी हात काढला. एवढंच नाही, एक पाऊल बाजूला सरकून वाट दिली. शेजारच्या बाकावरच्या पोरीने विचारलं, "काकू, भीती नाही वाटत?" मी म्हणाले, "वाटते ना. तुले वाटते तेवढीच."

पेपर हातात आला. अक्षरं आधी नाचली, मग एकेक करून खाली बसली. गुणोत्तराचं एक उदाहरण होतं. त्यातली दोन टिंबं मी पाहिली. ती आता माझ्याकडे रोखून बघत नव्हती. मीच त्यांच्याकडे बघत होते. दोन दिवसांनी भूमितीच्या पेपरात क्षेत्रफळाचा प्रश्न आला तेव्हा मला परातीतली भाकर दिसली आणि मी भर परीक्षेत एकटीच हसले. सगळे प्रश्न सुटले नाहीत. दोन तर मी वाचून सोडून दिले. पण शेवटची घंटा होईपर्यंत माझं पेन चालू होतं.

निकालाच्या दिवशी तांड्यात नेटवर्क येत-जात होतं. हे मोबाईल घेऊन कडुनिंबाखालच्या पारावर चढले, पायल त्यांच्या खांद्यावरून डोकावत होती. मी घरातच बसून राहिले. मग पायलची किंकाळी ऐकू आली. ती धावत आली आणि माझ्या गळ्यात अशी पडली की आम्ही दोघी धान्याच्या कोठीवर आदळलो. "आई, पास! सगळ्यात पास!" मागून हे आले. मोबाईल माझ्या हातात देत म्हणाले, "मी इचारलं होतं न गणिताचं काय करशीन. घे, पाह्य काय केलं तं." मग पाठ फिरवून त्यांनी लगेच पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

मी चपला न घालताच बौद्ध वस्तीकडे निघाले. मे महिन्याची जमीन तापलेली होती, पण पायाला काही लागत नव्हतं. पंचफुलाताई ओट्यावर लोणच्यासाठी कैऱ्या चिरत बसली होती. मला अशी येताना पाहून तिने सुरी खाली ठेवली.

"काय झालं व?"

"पास झाली, ताई."

ती उठली, आंबट हातांनीच माझं तोंड धरलं आणि दोन्ही गालांवरून बोटं फिरवून कानशिलावर मोडली. मग मला खाली बसवलं आणि कामाचं विचारावं तसं विचारलं, "गणितात किती?"

"शंभरातून सदुसष्ट."

तिने भुवया आवळल्या. चिरलेल्या फोडींकडे बघत ती मनातल्या मनात काहीतरी मांडत होती, ओठ हलत होते. मी थांबले. तिला मदत करावीशी वाटली, पण केली नाही.

"म्हंजे तीन वाट्या मांडल्या," ती सावकाश म्हणाली, "तं त्यातल्या दोन तू भरल्या."

मी मनात करून पाहिलं. जवळजवळ बरोबर होतं. मला हसूही आलं आणि रडूही.

"अन् एक रिकामीच राह्यली, ताई," मी म्हणाले.

"राहू दे," पंचफुलाताईने सुरी पुन्हा हातात घेतली. "गंज काठोकाठ भरला तं पळी कुठं फिरवशीन?"